कोंबड्यांचे शत्रु : ओळख आणि बंदोबस्त

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या परिसरांत ज्या वाड्या वसल्या आहेत, त्यांत अंगणांत कोंबड्या नाहींत असें घर विरळा. खाचरांत भाताचें पीक, वरकस जमिनींत नाचणी-वरी. रोख पैसा हातीं येण्याचे मार्ग थोडे. अशा संसारांत अंडीं व तलंगा विकून आलेला पैसा ही घरधनिणीची खरी गंगाजळी होय. परंतु परसापासूनच रान सुरू होत असल्यामुळें या धनावर डोळा ठेवणारेही पुष्कळ. खुडूक कोंबडीखालीं १२ अंडीं ठेवावीं, २१ दिवसांनीं ९-१० पिलें निघावींत, आणि दोन महिन्यांत त्यांतील तीन-चारच उरावींत, असें झालें म्हणजे हा व्यवहार आतबट्ट्याचा होतो. हें नुकसान बहुतांशीं टाळतां येण्यासारखें आहे. मात्र चोर कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे.

कोंबडी नाहींशी झाली कीं कोणी मुंगसास दोष देतो, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्यास. त्यावरून वाडींत भांडणें होतात, आणि खरा चोर दुसऱ्या रात्रीं त्याच वाटेनें पुनः येतो. म्हणून वेळ, खूण आणि वाट या तीन गोष्टींची चौकशी शांतपणें करावी.

प्रथम वेळ. मुंगूस दिवसा हिंडणारें जनावर आहे. मध्यरात्रीं खुराड्यांत शिरल्याचा आळ त्याच्यावर घेणें व्यर्थ होय. घार, शिक्रा आणि झाडींत राहणारी मोरघार याही दिवसाच्याच. जवादी मांजर, उदमांजर व घूस हीं रात्रींचीं. कोल्हा, रानमांजर व बिबळ्या बहुधा तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत फिरतात, तथापि रानमांजर सकाळीं उजाडल्यावरही दिसतें. कुत्र्यास मात्र वेळेचें बंधन नाहीं.

दुसरी खूण. एकाच जागीं उपटलेल्या पिसांचा ढीग आणि छातीचें मांस खाल्लेलें असेल, तर तें शिकारी पक्ष्याचें काम समजावें. पक्षी पिसें उपटतो, तीं मुळासकट सांपडतात. जनावर तीं दांतानें तोडतें, त्यामुळें पिसाचा देठ तुटलेला किंवा चावलेला दिसतो. मानेवर व डोक्यावर दांतांच्या खुणा असून धड तसेंच पडलें असेल, तर दिवसा मुंगूस आणि रात्रीं जवादी किंवा उदमांजर यांचा संशय घ्यावा. अनेक कोंबड्या ठार झाल्या, पण खाल्ली एकही नाहीं, असा प्रकार बहुधा कुत्र्यांचा असतो. अख्खी कोंबडीच गेली आणि थोडीं पिसें कुंपणापर्यंत सांडलीं, तर कोल्हा, रानमांजर अथवा बिबळ्या. जाळीजवळ निजलेल्या कोंबडीचा पाय किंवा पंख तुटलेला आढळल्यास कोणीतरी बाहेरून पंजा घालून ओढल्याचें तें चिन्ह होय.

अंडीं टरफलासकट नाहींशीं झालीं तर साप किंवा घोरपड. फुटकीं टरफलें मागें राहिलीं तर मुंगूस, उंदीर वा कावळा. मात्र कोंबडीच्याच चोचीला बलक लागलेला आहे काय, हेंही पाहावें; कांहीं कोंबड्यांना स्वतःचीं अंडीं फोडण्याची खोड लागते. मेलेल्या पिलाचें डोकें व मान ओलसर, चिकट असेल, तर सापानें गिळण्याचा यत्न करून सोडून दिलें असें समजावें.

तिसरी वाट. सायंकाळीं खुराड्याभोंवतीं चुलींतली राख चाळून पातळ पसरावी आणि सकाळीं ठसे पाहावे. कुत्रा व कोल्हा यांच्या ठशांत नखें उमटतात. मांजराच्या जातीच्या गोल ठशांत नखें उमटत नाहींत. असाच गोल ठसा ३ इंचांच्या आसपास रुंद असला, तर बिबळ्या आला असें धरावें. मुंगूस व उदमांजर यांच्या पावलांस पांच बोटें असतात. बिळाच्या तोंडाशीं ताज्या मातीचा ढीग ही घुशीची खूण.

आतां बंदोबस्त. डालग्याखालीं पडवींत कोंबड्या झांकण्याची जुनी चाल वाईट नाहीं. पण डालग्यावर जड दगड हवा आणि पडवीस दार हवें. नवें खुराडें बांधणें तर तें घराच्या भिंतीला लागून, दगडी जोत्यावर बांधावें. बाजारांतील षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांस आंत ठेवते, शत्रूस बाहेर ठेवीत नाहीं. कुत्रा ती फाडतो आणि लहान साप व उंदीर तिच्या छिद्रांतून आंत येतात. अर्धा इंच छिद्राची वेल्ड केलेली जाळी घ्यावी, आणि ती जमिनींत एक फूट पुरावी किंवा बाहेरच्या बाजूस एक फूट दुमडून वर दगड रचावे. निजण्याच्या दांड्या जाळीपासून दूर बसवाव्या. दाराला साधी खिटी पुरत नाहीं. कडी व अडसर दोन्ही असावे. दिवस मावळण्यापूर्वीं कोंबड्या मोजून दार लावण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे सोंपवावें; अनेकांवर सोंपविलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं.

पिलांस पहिले सहा आठवडे मोकळें सोडूं नये. त्यांना जाळीच्या झांकणाखालीं किंवा दाट झुडुपाच्या आश्रयास चारावें. पांढरा पक्षी घारीच्या नजरेंत लवकर भरतो, आणि गिरिराजासारख्या जड जाती गांवठी कोंबडीप्रमाणें चटकन उडून झाडावर जाऊं शकत नाहींत, हें जात निवडतांना ध्यानांत घ्यावें.

ऋतूप्रमाणेंही सावध राहावें. लावणीच्या दिवसांत घरचीं सारीं माणसें खाचरांत असतात, तेव्हां परसांत मुंगसाचें फावतें. भातकापणीनंतर शेतांतले उंदीर घराकडे वळतात व त्यांच्यामागून साप येतात; यास्तव सांडलेले दाणे रोज झाडून काढावे आणि खुराड्याजवळ लाकडांची रास ठेवूं नये.

विष घालणें, फासे लावणें किंवा कुंपणांत विजेचा प्रवाह सोडणें हे उपाय सर्वथा वर्ज्य होत. त्यांत आपलींच गुरें, कुत्रीं, प्रसंगीं माणसें मरतात. शिवाय मुंगूस, जवादी, घोरपड, धामण, घार, बिबळ्या या सर्वांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. धामण व मुंगूस शेतांतील उंदीर मारून जें धान्य वाचवितात, त्याचा हिशोबही शेतकऱ्यानें मांडावा. बिबळ्या वारंवार वाडींत येऊं लागला, तर त्यास कोंडूं वा हुसकूं नये. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें, आणि मुलांस अंधारांत एकटें सोडूं नये.

रानाच्या कडेला राहणाऱ्यानें रानाशीं वैर धरून चालत नाहीं. भक्ष्य शोधणें हा जनावराचा धर्म आहे, आणि दार लावणें हा आपला. जाळी व कडी यांवर एकदां केलेला खर्च वांचलेल्या तलंगाच फेडून देतील.