पहाटेचं उठणं सांगतो, रात्रीचं झोपणं विसरतो



नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं ज्युदोला किंवा किकबॉक्सिंगला जातात. ज्युदोचा इथे मान मोठा. उत्रेख्तच्या आंतोन खेसिंक यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या अकिओ कामिनागा यांना हरवून खुल्या गटाचं सुवर्णपदक जिंकलं होतं. आपणही मुलांच्या दूध-बदामांत, अंड्यांत काही कमी पडू देत नाही. झोपेचा हिशोब मात्र राहून जातो.

कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पहाटे अंधारात उठतो, जोर-बैठका मारतो, मातीत उतरतो, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण तोच पैलवान दुपारी जेवून आडवा होतो आणि रात्री लवकर झोपतो. मेहनत, खुराक आणि विश्रांती, तिन्ही मिळून तालीम होते. आपण गोष्ट अर्धीच सांगतो.

झोपेत नेमकं होतं काय? गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवतं आणि थकलेल्या स्नायूंची डागडुजी होते. दिवसा शिकलेला डाव मेंदू झोपेत पक्का करतो. झोप कमी पडली की नजर आणि हात दोन्ही मंदावतात. धावण्याच्या शर्यतीत त्याने नंबर जाईल. इथे समोरच्याचा ठोसा बसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंमध्ये दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आता हिशोब मांडू. सराव नऊला संपला, साडेनऊला घरी, साडेदहाला झोप आणि सातला शाळेसाठी उठणं, म्हणजे साडेआठ तास. चौदा वर्षांच्या मुलाला हे चालेल. दहा वर्षांच्या मुलाला कमी पडेल. त्याच्यासाठी लवकरची वेळ मागून घ्या.

सरावानंतर अंग तापलेलं असतं, डोक्यात लढत चालूच असते. म्हणून घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, हलकं जेवण, आणि फोन खोलीबाहेर. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा जाड पडदे हवेतच. एनर्जी ड्रिंक तर नकोच; त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं.

शेवटचा मुद्दा वजनाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, आणि अंतिम लढतीआधीची रात्र वजन उतरवण्यात जागून काढली. तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही हे इतकं जड गेलं. वाढत्या मुलाने गटात बसण्यासाठी उपाशी राहून, जागरण करून वजन उतरवू नये. वरच्या गटात खेळावं. प्रशिक्षकांशी हे आधीच बोलून ठेवा.

स्पर्धेच्या आदल्या रात्री धाकधुकीने झोप लागली नाही, तर घाबरू नका. आधीचा आठवडाभर नीट झोप झाली असेल, तर ती शिल्लक कामी येते. म्हणून तयारी सोमवारपासूनच करा.

भेटू पुढच्या भागात. शुभ रात्री!