नाव लपवलं, पण मांजरीचं काय?

ज्यांना वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. मी एका ऑनलाइन ग्रुपवर टोपणनावाने लिहायचो. खरं नाव नाही, फोटो नाही. एका रात्री फार खचलो होतो, तेव्हा लिहून टाकलं : नोकरी गेलीये, घरी सांगितलेलं नाही, रोज डबा घेऊन निघतो आणि वाचनालयात बसतो. दुसऱ्या दिवशी मावसभावाचा मेसेज. "दादा, हा तूच ना?"

ओळखलं कसं? सहा महिन्यांत मीच थोडं थोडं सांगत गेलो होतो. एकदा लिहिलं, मी सांगलीचा. एकदा, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. आणि एकदा कौतुकाने, आमच्या मांजरीचं नाव बटाटा! आता बटाटा नावाची मांजर सांगलीत किती घरांत असणार?

मुद्दा इथेच आहे. आपण नाव लपवतो, पण ओळख फक्त नावात नसते. एकेक तुकडा निरुपद्रवी वाटतो. पण गाव, शिक्षण, वय अशी एकेक चाळणी लावत गेलं की शेवटी एकच माणूस उरतो.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे तीन महिन्यांचे सर्च जाहीर केले. नावं काढून प्रत्येकाला नुसता नंबर दिला होता. तरी न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी एका नंबरचे सर्च वाचून थेट त्या बाईंचं घर गाठलं. त्यांनी आपल्या गावातल्या सेवा शोधल्या होत्या, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती. शिवाय बऱ्याच आजारांची माहिती. ते आजार त्यांचे नव्हतेच, मैत्रिणींसाठी शोधलेले होते! म्हणजे ओळख उघड झाली ती झालीच, वर गैरसमजाचीही सोय.

मग करायचं काय?

पहिलं, नाजूक विषयासाठी वेगळं अकाउंट, वेगळा ईमेल आणि नवं टोपणनाव. इन्स्टावरचं जुनंच नाव तिथे वापरलंत, तर एका सर्चमध्ये खेळ खल्लास.

दुसरं, तपशील धूसर करा. "सांगली" ऐवजी "एक जिल्ह्याचं गाव", "काल" ऐवजी "मध्यंतरी". सल्ला मिळायला एवढं पुरतं. मांजरीचं नाव राहू द्या.

तिसरं, फोन नंबर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्या मेंबरांना दिसतो, अनोळखी लोकांनाही. टेलिग्रामवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन नंबर "कुणालाच नाही" असा ठेवता येतो. आणि वेगळ्या अकाउंटला कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी देऊ नका. नाहीतर अ‍ॅप तुमच्याच आत्याला सुचवेल, "हे तुमच्या ओळखीचे असू शकतात."

चौथं, फोटो. लोकेशन चालू असेल तर कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जागा नोंदवून ठेवतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ही नोंदही सोबत जाते. शिवाय मागे दिसणारी दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, कॉलेजचं आयडी कार्ड. पाठवण्याआधी एकदा झूम करून बघाच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं ओळखीच्या आणि अनोळखी माणसांपासून जपण्यासाठी आहे. कंपनीकडे तुमच्या लॉगिनच्या नोंदी असतात, आणि टोपणनावाने कुणाला धमकावलं तर पोलीस त्या मागवू शकतात. पण लपण्यात गुन्हा नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच दिलाय.

घरात मार खाणारी मुलगी, साहेबाविरुद्ध बोलणारा कर्मचारी, मनातलं कुणालाच सांगू न शकणारा मुलगा, यांना बोलायला तेवढीच एक जागा असते. म्हणून शेवटचा नियम दुसऱ्यांसाठी : कुणाला ओळखलंत तरी स्क्रीनशॉट फिरवू नका.

माझ्या भावाने पुढे एवढंच लिहिलं होतं, "मावशीला काही बोलणार नाही. पण पोस्ट काढ, आणि संध्याकाळी चहाला ये."

भेटूया पुढच्या भागात. तोवर तुमच्या जुन्या पोस्ट एकदा परक्याच्या नजरेने वाचून बघा!