गेम हलवा, सेव्ह फाइल राहू द्या

लॅपटॉप घेताना ५१२ जीबीची एसएसडी भरपूर वाटते. मग ‘बाल्डर्स गेट ३’ येतो, त्याला १५० जीबी जागा लागते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ येतो, त्यालाही तेवढीच. बघता बघता विंडोजमधली सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: एक-दोन टीबीचा एक्स्टर्नल ड्राइव्ह आणायचा आणि गेम त्याच्यावर टाकायचे. गोंधळ सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी. इतके महिने खेळून जिथवर पोचलो, ते सगळं गेमबरोबर नव्या ड्राइव्हवर जाईल का? काही जण धरून चालतात की सगळं आपोआप जातं. काहींना वाटतं की सगळं हातानं उचलून न्यावं लागतं. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. माझं मत असं की गेम खुशाल हलवावा, पण सेव्ह फाइल आहे तिथेच ठेवावी आणि एक्स्टर्नल ड्राइव्हवर तिची केवळ प्रत असावी.

हे मत पटायचं तर आधी सेव्ह फाइल म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. गेममधली चित्रं, आवाज, नकाशे, संवाद यांनी त्याचे दीडशे जीबी भरतात, आणि ते जगातल्या प्रत्येक खेळाडूकडे जवळपास सारखेच असतात. सेव्ह फाइलमध्ये फक्त तुमचं असतं ते उतरवलेलं असतं: कोणत्या मोहिमा झाल्या, खिशात किती पैसे, कोणता दरवाजा उघडला, कोणाशी भांडण झालं. म्हणून ती आकारानं इतकी लहान असते की पाहून आश्चर्य वाटावं. ‘जीटीए सॅन अँड्रियास’चा अख्खा गेम काही जीबींचा, आणि त्याची एक सेव्ह फाइल जेमतेम दोनशे केबीची. मोबाइलवर आलेला शुभेच्छांचा फोटो बहुतेक वेळा याहून मोठा असतो. पाठ्यपुस्तक हरवलं तर दुकानातून दुसरं आणता येतं. स्वतःच्या हातानं लिहिलेली वही हरवली तर ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. गेम हे पाठ्यपुस्तक आहे आणि सेव्ह ही वही. पण जागेची चिंता आपल्याला पुस्तकामुळे पडते, आणि ती सोडवण्याच्या धांदलीत हात पडतो वहीवर.

पूर्वी हा फरक डोळ्यांना दिसत असे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम होते, त्यांच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये प्रगती साठवायची सोयच नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी बसवली होती, ती केवळ खेळाडूची प्रगती जिवंत ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आला. त्याचे गेम सीडीवर होते आणि सीडीवर काही लिहिता येत नाही, म्हणून सेव्हसाठी वेगळं मेमरी कार्ड आलं. क्षमता १२८ केबी, त्यात १५ कप्पे. सीडी मित्राला दिली तरी कार्ड आपल्याच खिशात राही. संगणकाच्या हार्ड डिस्कनं ही सीमारेषा पुसली. डॉसच्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षं बहुतेक गेम आपली सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवत. फोल्डर कॉपी केला की सगळं आलं. आजही अनेकांच्या डोक्यात बसला आहे तो हाच काळ. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्तानं मात्र ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये कुणीही काहीही लिहिण्याला चाप लावला. एखाद्या जुन्या गेमनं तिथे लिहायचा प्रयत्न केलाच, तर विंडोज ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवू लागलं. प्रोग्रॅम एकीकडे, वापरणाऱ्याचा डेटा दुसरीकडे, हा नियम योग्यच होता. एका संगणकावर दोघं भाऊ खेळत असतील तर दोघांची प्रगती वेगळी राहायला हवी. पण डेटा नक्की कुठे ठेवायचा याबाबत गेम बनवणाऱ्यांनी मनमानी केली. व्हिस्तानं खास ‘सेव्ह्ड गेम्स’ नावाचा फोल्डर दिला होता, आणि तो बहुतांश संगणकांवर आजही जवळपास रिकामा आढळेल.

त्यामुळे आज सेव्ह फाइलचे पत्ते विखुरलेले आहेत. ‘स्कायरिम’ची सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये असते. ‘जीटीए व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ डॉक्युमेंट्समध्येच आपापल्या नावाचा ‘युजर फाइल्स’ फोल्डर करतात. ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ ‘ॲपडेटा’च्या ‘रोमिंग’मध्ये, तर ‘हॉलो नाइट’ ‘लोकललो’मध्ये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरिअल इंजिनवर बनलेला आहे, आणि या इंजिनावरचे गेम सर्वसाधारणपणे ‘ॲपडेटा’च्या ‘लोकल’मध्ये सेव्ह करतात. यात ध्यानात घेण्याची गोष्ट ही की ‘ॲपडेटा’ विंडोजमध्ये लपवलेला असतो; फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेले फोल्डर दाखवायला सांगितल्याशिवाय तो दिसतच नाही. आता स्टीममध्ये जाऊन एखादा गेम एक्स्टर्नल ड्राइव्हवर हलवायला सांगितला की स्टीम काय हलवतं? गेमचा स्वतःचा फोल्डर. डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामधल्या सेव्हला ते हात लावत नाही. गेम नव्या जागेवरून सुरू होतो, जुन्याच पत्त्यावर सेव्ह शोधतो, आणि ती तिथेच असल्यामुळे खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे चालू होतो. म्हणजे काहीच न करणाऱ्याचं इथे काहीच बिघडत नाही.

बिघडतं ते भलत्याच प्रसंगी. एखादा उत्साही माणूस सेव्हचा फोल्डर शोधून काढतो आणि कट करून एक्स्टर्नल ड्राइव्हवर पेस्ट करतो. गेम उघडतो, त्याला जुन्या जागी काही सापडत नाही, तो नवा कोरा खेळ सुरू करतो आणि कोरी सेव्ह लिहून ठेवतो. क्लाउड चालू असेल तर ही कोरी सेव्ह तिकडेही जाऊ शकते. दुसरा प्रसंग लॅपटॉप दुरुस्तीचा. फॉरमॅट मारण्यापूर्वी दुकानदार विचारतो, ‘‘डेटा घ्यायचा का?’’ डेटा म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि फोटो, असं दोन्ही बाजूंनी मानलेलं असतं. लपलेला ॲपडेटा त्यात येत नाही, आणि घरातल्या मुलानं माइनक्राफ्टमध्ये दोन वर्षं बांधलेलं गाव विंडोजबरोबर पुसलं जातं. गेम एक्स्टर्नल ड्राइव्हवर सुखरूप असल्यामुळे तोवर कुणाला शंकाही आलेली नसते. म्हणूनच गेम बाहेर हलवल्यावर सेव्हची प्रत बाहेर ठेवणं जास्त गरजेचं होतं, कारण ‘सगळं त्या ड्राइव्हवर आहे’ हा समज तिथूनच पक्का होतो.

यावर पहिला आक्षेप येईल की आता क्लाउड असताना ही उठाठेव कशाला. स्टीमनं ही सोय २००८ मध्ये सुरू केली, एपिक आणि जीओजीकडेही ती आहे. ती उपयोगी आहे यात वाद नाही. पण ती प्रत्येक गेमला मिळत नाही. द्यायची की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. सीडीवरून घातलेल्या जुन्या गेमना तर तिचा पत्ताच नाही. शिवाय क्लाउड दोन ठिकाणं सारखी ठेवतो. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडलेलीच पोचते. संगणकावरची आणि क्लाउडवरची सेव्ह जुळत नसेल तेव्हा स्टीम विचारतं की कोणती ठेवू. त्या खिडकीत दोन तारखा असतात, आपण घाईत असतो, आणि चुकीच्या बटणानं शंभर तासांचा खेळ पुसला जाऊ शकतो. वनड्राइव्हची आणखी एक तऱ्हा. नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर अनेकदा वनड्राइव्हखाली जातो, त्यासोबत ‘माय गेम्स’ही जातो, आणि फुकट मिळणारी जागा ५ जीबीच असते. ती भरली की सिंक थांबतं, आणि त्याची सूचना आपण वाचलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुणी म्हणेल, मला ड्राइव्ह खिशात घालून घरच्या पीसीवरून हॉस्टेलच्या लॅपटॉपवर जायचं आहे. सेव्हही त्यातच हवी. तांत्रिकदृष्ट्या हे जमतं. विंडोजमध्ये ‘एमकेलिंक’ या आज्ञेनं जुन्या जागी एक दुवा तयार करता येतो, जो गेमला थेट एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्या फोल्डरकडे पाठवतो. डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधून अख्खा फोल्डरच दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचीही सोय आहे. पण मग सगळा डोलारा एका यूएसबी केबलवर उभा राहतो. काल ई असलेला ड्राइव्ह आज एफ म्हणून लागला की दुवा तुटतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला कायमचं अक्षर दिलं तर हे टळतं, पण ते प्रत्येक संगणकावर करावं लागतं. ड्राइव्ह लावायचा राहिला तर गेमला सेव्ह सापडत नाही. आणि खेळ चालू असताना केबल हलली तर? गेमचा फोल्डर बहुतांशी वाचलाच जातो. तो बिघडला तर पुन्हा डाउनलोड करता येतो. सेव्ह मात्र सतत लिहिली जाते, आणि अर्धवट लिहिलेली सेव्ह पुन्हा कुठून आणणार? दुकानातून आणलेले बरेच पोर्टेबल ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात. एनटीएफएसमध्ये लिहिण्यातले बदल आधी नोंदवून ठेवण्याची व्यवस्था आहे, एक्सफॅटमध्ये ती नाही, त्यामुळे अचानक निघालेल्या केबलचा फटका तिथे जास्त बसतो. एवढी जोखीम घेऊन सी ड्राइव्हवर जागा किती वाचते? काही एमबी. हॉस्टेलला जाण्यापूर्वी प्रत नेणं आणि परतल्यावर नवी प्रत मूळ जागी आणणं हे कंटाळवाणं खरं, पण त्यात एका वेळी दोन ठिकाणी सेव्ह असते.

अपवाद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. डॉसबॉक्समधून चालणारे जुने गेम अजूनही स्वतःच्या फोल्डरमध्येच सेव्ह ठेवतात. तिथे फोल्डर हलला की सेव्हही हलते, आणि अनइन्स्टॉल केलं तर तीही जाऊ शकते. युनिटी इंजिनावरचे काही छोटे गेम प्रगती विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहितात, तिथे फोल्डर कॉपी करून काहीच हाती लागत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या गेमची सेव्ह ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये अशा नावांनी असते की वाचून बोध होऊ नये. ‘एल्डन रिंग’ची सेव्ह स्टीम खात्याच्या क्रमांकाशी बांधलेली असते, भावाच्या खात्यावर ती उघडत नाही. कोणता गेम कुठे लिहितो याची माहिती पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमवार मिळते. ‘लुडुसावी’ हा मोफत प्रोग्रॅम त्याच माहितीच्या आधारे संगणकातल्या सेव्ह हुडकून एका ठिकाणी त्यांची प्रत काढतो, रजिस्ट्रीतल्यासुद्धा. दहा-पंधरा गेम असतील तर हातानं शोधत बसण्यापेक्षा तोच बरा.

प्रत काढताना गेम आणि त्याचा लाँचर दोन्ही बंद असावेत. माइनक्राफ्टमधलं एक जग म्हणजे एक फाइल नसते, फोल्डरभर फाइली असतात. खेळ चालू असताना कॉपी केली तर काही जुन्या, काही नव्या अशी खिचडी होते. प्रत्येक प्रत तारखेच्या नावानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, जुनीवर नवी चढवू नये, कारण बिघाड कधी झाला हे बहुधा उशिरा कळतं. दोनशे केबीच्या दहा प्रती ठेवल्या तरी त्या एक्स्टर्नल ड्राइव्हला कळणारसुद्धा नाहीत. आणि एकदा तरी त्या प्रतीतून गेम उघडून पाहावा, मूळ सेव्हचं नाव बदलून बाजूला ठेवून.

खेळच तो, गेला तर गेला, असंही कुणी म्हणेल. खेळाची किंमत ज्यानं त्यानं ठरवावी. पण हा आक्षेप घेणारा माणूस दहावीच्या सहलीचे फोटो मात्र तीन ठिकाणी ठेवतो, आणि त्याचं कारण हेच की ते पुन्हा काढता येत नाहीत. गंमत म्हणजे कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी गेम आणि सेव्ह यांची ही फारकत यंत्रातच बसवली आहे. निन्टेंडो स्विचवर गेम मायक्रोएसडी कार्डवर जातो, सेव्ह यंत्राच्या स्वतःच्या मेमरीतच राहते. प्लेस्टेशन ४ वर एक्स्टर्नल ड्राइव्हवरून गेम चालतो, सेव्ह आतच असते, आणि तिची प्रत यूएसबीवर काढता येते. प्लेस्टेशन ५ नं मात्र आपल्या गेमच्या बाबतीत ही यूएसबीची वाट बंद केली. तिथे क्लाउडवर सेव्ह ठेवायची तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. संगणकावर स्वतःची फाइल स्वतः उचलून कुठेही ठेवायची मुभा अजून आहे, तीही फुकट. नवा ड्राइव्ह घरात आला की गेम हलवण्याच्या बटणाला हात लावण्याआधी ती वापरा.