निळा प्रवास : तुर्कस्तानच्या किनाऱ्याने चार दिवस

१९२५ साली तुर्कस्तानातील एका लेखकाला एका लेखापायी तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. सैन्यातून पळालेल्या आणि चौकशीविना फासावर गेलेल्या शिपायांविषयी त्याने लिहिले होते. नव्या राजवटीला ते रुचले नाही. शिक्षेचे ठिकाण होते एजियन समुद्राकाठचे बोद्रुम, त्या काळी बाहेरच्या जगाला फारसे ठाऊक नसलेले कोळ्यांचे एक गाव. ऑक्सफर्डला शिकून आलेले, सरदार घराण्यातले जेवात शाकिर काबाआच्ली किल्ल्यात कोंडून घेण्याच्या तयारीने तेथे पोहोचले. परंतु स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना गावातच राहू दिले आणि समुद्राकाठचे एक साधेसे घर त्यांचा तुरुंग ठरले. अर्ध्या शिक्षेनंतर उरलेला काळ इस्तंबूलला घालविण्याची मुभा त्यांना मिळाली. तो काळ संपताच ते आपण होऊन बोद्रुमला परतले आणि जवळजवळ दोन तपे तेथेच रमले.

बोद्रुमचे प्राचीन नाव हालिकार्नासस. इतिहासकार हिरोडोटसचे हे जन्मगाव. जेवात शाकिर यांनी मासेमारी केली, बागकाम केले, परदेशांतून बियाणे मागवून गावात झाडे लावली आणि ‘हालिकार्नाससचा कोळी’ या टोपणनावाने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. पुढे साबाहात्तिन एयुबोलू, आझ्रा एर्हात अशा विद्वान मित्रांना घेऊन ते स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने भटकू लागले. सोबत पाणी, चीज, कडक टोस्ट, तंबाखू अशी मोजकीच शिदोरी असे. मासे समुद्र देई आणि अंथरुणाला होडीची फळी पुरे. या भटकंतीवर आझ्रा एर्हात यांनी १९६२ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे ‘निळा प्रवास’. त्याच्या एकच वर्ष आधी जेवात शाकिर यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांचे नाव होते ‘निळी हद्दपारी’.

ज्या होड्यांनी हा प्रवास घडविला, त्यांच्या मालकांचा धंदा मात्र जिवावरचा होता. स्पंज हा समुद्रतळाशी खडकाला चिकटून वाढणारा प्राणी. तो कापून आणण्यासाठी पाणबुडे तळाशी फार वेळ राहत आणि घाईने वर येत. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वायू अशा वेळी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे व मज्जारज्जू यांना इजा करतो. या किनाऱ्यावरील कित्येक तरुण त्यामुळे पंगू झाले, कित्येक दगावले. पुढे कृत्रिम स्पंज बाजारात आला आणि १९८६ च्या सुमारास रोगाने समुद्रातील स्पंजही नष्ट होऊ लागले. धंदा बसला. त्यातील अनेकांना पर्यटकांच्या नौकांनी हात दिला. आज ज्या डौलदार नौकांतून पर्यटक फिरतात, त्या या कष्टकरी होड्यांच्या आणि मालवाहू गलबतांच्याच वारसदार आहेत.

या नौकेला ‘गुलेत’ म्हणतात. लाकडी बांधणी, बहुधा दोन डोलकाठ्या आणि मागे गोलाकार, ऐसपैस डेक. डेकखाली निजण्याच्या खोल्या असतात, तरी उन्हाळ्यात बहुतेक प्रवासी चांदण्यात डेकवरच पथारी पसरतात. कप्तान, स्वयंपाकी आणि एक-दोन खलाशी एवढा परिवार. पुष्कळसे अंतर इंजिनावरच कापले जाते. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा ‘मेल्तेम’ वारा अनुकूल असला म्हणजे शिडे उभारतात. यंत्राची घरघर थांबते आणि नौकेच्या अंगावर चढणाऱ्या पाण्याचा आवाज प्रथमच ऐकू येतो. या प्रवासाचे खरे सुख त्या घटकेत आहे.

जेवात शाकिर यांची भटकंती मुख्यतः बोद्रुमजवळच्या गोकोवा आखातात होई. आज नवख्या प्रवाशाला सोयीचा पडतो तो त्याहून आग्नेयेकडील, फेतिये ते देम्रे हा चार दिवस आणि तीन रात्रींचा मार्ग. प्राचीन काळी या भागाला लिशिया म्हणत. येथे तोरोस पर्वताचे कडे सरळ समुद्रात उतरतात. त्यामुळे अनेक ठिकाणी जमिनीवरून जे दिसत नाही, ते नौकेतूनच पाहावे लागते.

पहिल्या दिवशी नौका ओल्युदेनिझला पोहोचते. या नावाचा अर्थ ‘मृत समुद्र’; वादळातही न ढवळणाऱ्या तेथील शांत पाण्यामुळे ते पडले. माथ्यावर सुमारे दोन हजार मीटर उंचीचा बाबादाग पर्वत उभा असतो. रात्रीचा मुक्काम गेमिलेर बेटाच्या आडोशाला पडतो. बेटावर बायझंटाइन काळातील चर्चचे भग्नावशेष आहेत. समोरच्या मुख्य भूमीवर, टेकडीपलीकडे कायाकोय हे गाव आहे. त्याची शेकडो दगडी घरे छपरांवाचून उभी आहेत. येथे ग्रीक ख्रिस्ती कुटुंबे राहत. युद्धाच्या धुमश्चक्रीत ती परागंदा झाली आणि १९२३ मध्ये तुर्कस्तान व ग्रीस यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाल्यावर त्यांची परतीची वाट कायमची बंद झाली. ज्या समुद्राने एका हद्दपाराला घर दिले, त्याच समुद्रावरून हजारो माणसे घराला मुकून गेली, हे येथे आलेल्याने विसरू नये.

दुसऱ्या दिवशी काश हे टुमदार बंदर लागते. समुद्राकडे तोंड केलेले प्राचीन नाट्यगृह, बोगनवेलींनी झाकलेल्या गल्ल्या आणि समोर हाकेच्या अंतरावर वाटावे असे मेइस हे ग्रीक बेट. काशच्या आग्नेयेला उलुबुरुन हे भूशिर आहे. १९८२ मध्ये एका स्पंजवाल्या पाणबुड्याने तेथील तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिल्याचे सांगितले. ती होती तांब्याच्या लाद्यांची रास. १९८४ ते १९९४ या काळात पुरातत्त्वज्ञांनी वीस हजारांहून अधिक वेळा बुड्या मारून इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील एक बुडालेले जहाज उकलले. सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेच्या लाद्या, हस्तिदंत आणि इजिप्तची राणी नेफर्तितीचे नाव कोरलेली सोन्याची मुद्रा असा त्यातील माल होता. तांबे आणि कथील यांचे दहास एक हे प्रमाण म्हणजे कांसे घडविण्याचेच प्रमाण. हा ठेवा आज बोद्रुमच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहे. विद्वानांना या जहाजाची वाट दाखविली ती एका कष्टकरी पाणबुड्याच्या नजरेने.

तिसऱ्या दिवशी केकोवा येते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूकंपांनी बेटाकाठची वस्ती खचली. कातळात कोरलेले जिने आजही पाण्यात उतरताना दिसतात, भिंतींवरून मासे फिरतात. समोरच्या कालेकोय गावाला मोटारीचा रस्ता नाही. होडीने किंवा पायीच जावे लागते. किल्ल्यात कातळात कोरलेले एक लहानसे नाट्यगृह आहे आणि किनाऱ्याच्या पाण्यात एक लिशियन दगडी शवपेटी उभी आहे. १९९० पासून हा परिसर संरक्षित असून बुडालेल्या अवशेषांजवळ पोहण्यास मनाई आहे. चौथ्या दिवशी देम्रेला प्रवास संपतो. येथील प्राचीन मायरा नगरीचे बिशप निकोलस हेच पुढे जगभर सांताक्लॉज म्हणून ओळखले गेले.

नौका मुक्कामाला थांबते तेव्हा पुढून नांगर टाकतात आणि मागचा दोर किनाऱ्यावर बांधतात. पूर्वी तो बेलाशक पाइनच्या झाडाला बांधीत. नौका वाढल्या तशा दोरांनी झाडांच्या साली सोलल्या, म्हणून गोजेकजवळच्या काही खाड्यांत आता किनाऱ्यावर खास खुंट रोवले आहेत. तळाशी पोसिडोनिया हे समुद्री गवत असते. माशांची पिल्ले त्याच्या आश्रयाने वाढतात. ते वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते, आणि ओढत गेलेला एक नांगर कित्येक वर्षांची वाढ उपटून टाकतो. वातानुकूलित खोल्या आणि रात्रभर चालणारे संगीत यांचीही आता सवय झाली आहे. शिदोरीच्या त्या जुन्या प्रवासातून काय उचलायचे, हे प्रत्येक प्रवाशाने ठरवायचे आहे.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत सुखाचे. ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात. कडक पेटीऐवजी घडी होणारी कापडी पिशवी घ्यावी, कारण खोलीत जागा थोडी असते. नौकेवर बहुधा अनवाणीच वावरतात. आडवळणाच्या खाड्यांत कार्डाचा उपयोग होईलच असे नाही, म्हणून थोडी लिरा जवळ असावी. नौका ठरविताना जेवण, बंदरशुल्क आणि इंधन दरात धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी आधी कळविल्यास भरली वांगी, बीन्स, दही आणि ताजी फळे यांवर उत्तम निभावते. शाकाहार या किनाऱ्याला मुळीच परका नाही.

जेवात शाकिर १९७३ मध्ये वारले. त्यांची समाधी बोद्रुमच्या एका टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून आहे. ज्या गावी त्यांना शिक्षा म्हणून धाडले, तेथेच त्यांना माती मिळावी ही त्यांची इच्छा होती. सोयी सोडून आलेल्या माणसाला हा किनारा काय देऊ शकतो, याची याहून मोठी साक्ष कोणती असणार?