सायकलच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आयात शुल्क हा विषय सामान्यतः बंदरे, मोठे उद्योग आणि अर्थसंकल्पीय भाषणे यांच्याशी जोडला जातो. वनव्याप्त, दुर्गम जिल्ह्यातील सामान्य माणसाचा त्याच्याशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मात्र भामरागड किंवा जिवतीसारख्या तालुक्यातील एखाद्या विद्यार्थिनीच्या सायकलचे फ्रीव्हील निकामी झाले, तर त्या लहानशा भागाच्या किमतीत देशाच्या सीमाशुल्क धोरणाचा काही अंश दडलेला असतो. सायकल हे गरिबाचे वाहन आहे आणि सीमाशुल्क हा अप्रत्यक्ष कर आहे. अप्रत्यक्ष कर भरणाऱ्याचे उत्पन्न पाहत नाही. म्हणूनच या दोहोंचा परस्परसंबंध अर्थशास्त्र, वाणिज्य, भूगोल व समाजशास्त्र या सर्वच विषयांच्या अध्यापकांनी समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : सायकलच्या सुट्या भागांवरील शुल्काची रचना स्पष्ट करणे, परदेशातून भाग मागविताना प्रत्यक्ष खर्च कसा वाढत जातो हे उदाहरणाने दाखविणे, आणि या शुल्काचा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांवर होणारा परिणाम तपासणे. लेखातील हिशेबाची उदाहरणे विवेचनासाठी गृहीत धरलेली आहेत.

वनव्याप्त जिल्हे आणि सायकल

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्राचा बहुतांश भाग वनाखाली आहे. प्रवासी रेल्वेची सोय दीर्घकाळ केवळ देसाईगंज (वडसा) येथे राहिली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, वीजनिर्मिती व बल्लारपूरचा कागद कारखाना असला, तरी मूल, सिंदेवाही, नागभीड, जिवती या तालुक्यांतील अनेक गावांचे जीवन आजही जंगलाला लागून आहे. मोहफुले व तेंदूपाने गोळा करणारा मजूर, आठवडी बाजाराला जाणारा शेतकरी आणि शाळेत जाणारी मुले यांच्यासाठी सायकल हे गरजेचे साधन आहे. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या रस्त्यावर सांजवेळी साखळी तुटणे किंवा ब्रेक निकामी होणे ही केवळ गैरसोय नसते.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी अनुदान दिले जाते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. सायकल मिळाल्याने शाळेचे अंतर कमी होते, हे खरेच. परंतु ती चालू ठेवण्याचा खर्च कुटुंबालाच करावा लागतो. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, छर्रे हे भाग ठरावीक काळाने बदलावेच लागतात. त्यामुळे सुट्या भागांच्या किमतीचा प्रश्न हा शिक्षणातील सातत्याचाही प्रश्न आहे.

शुल्क रचनेचा आढावा

भारतातील आयातीवर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार शुल्क आकारले जाते, तर दर सीमाशुल्क प्रशुल्क अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत दिलेले असतात. या अनुसूचीत प्रत्येक वस्तूला शीर्षक क्रमांक असतो. तयार सायकल ८७१२ या शीर्षकाखाली, तर तिचे सुटे भाग ८७१४ खाली येतात. फ्रेम व फोर्क, रिम व स्पोक, हब व फ्रीव्हील, ब्रेक, सीट, पायडल व क्रँक यांना ८७१४ मध्ये स्वतंत्र उपशीर्षके आहेत.

तथापि सायकलला लागणारा प्रत्येक भाग ८७१४ खाली येत नाही. टायर ४०११ मध्ये, ट्यूब ४०१३ मध्ये, रोलर चेन ७३१५ मध्ये, बॉल बेअरिंग ८४८२ मध्ये, दिवा ८५१२ मध्ये आणि हवा भरण्याचा हातपंप ८४१४ मध्ये मोडतो. याचे कारण अनुसूचीच्या विभागीय टिपांत आहे. अनेक यंत्रांत सर्वसाधारणपणे वापरले जाणारे भाग त्यांच्या मूळ शीर्षकाखालीच ठेवावेत, असा तेथे नियम आहे. परिणामी एकाच खोक्यात आलेल्या सायकल-साहित्याला वेगवेगळे दर लागू शकतात. २०११ पासून स्वयं-निर्धारणाची पद्धत लागू असल्याने योग्य शीर्षक निवडण्याची प्राथमिक जबाबदारी आयातदारावर असते. चुकीचे वर्गीकरण झाल्यास फरकाची रक्कम, व्याज व प्रसंगी दंडही भरावा लागतो.

दरांचा इतिहासही उद्बोधक आहे. भारताने आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठविले. त्यानंतर देशी उद्योगाला संरक्षण देण्याचे प्रमुख साधन म्हणून शुल्कच उरले. २०१२-१३ च्या अर्थसंकल्पात सायकलवरील मूळ सीमाशुल्क १० वरून ३० टक्के, तर सुट्या भागांवरील १० वरून २० टक्के करण्यात आले. २०२३ मध्ये सायकलवरील दर ३५ टक्के झाला. २०२५ मध्ये दरांच्या सुसूत्रीकरणात तो २० टक्के केला गेला, पण सोबत १५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावल्याने एकूण भार कायम राहिला. केवळ मूळ दर पाहून शुल्क कमी झाले असा निष्कर्ष काढणे किती फसवे ठरू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शुल्काची आकारणी : एक उदाहरण

शुल्क वस्तूच्या केवळ किमतीवर आकारले जात नाही. किंमत, विमा व वाहतूक यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. या बेरजेला निर्धारणीय मूल्य म्हणतात. त्यावर प्रथम मूळ सीमाशुल्क, मग त्या शुल्काच्या १० टक्के समाज कल्याण अधिभार, आणि शेवटी या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजेच करावरही कर बसतो.

एखाद्या व्यापाऱ्याने ८७१४ मधील १०,००० रुपये निर्धारणीय मूल्याचे भाग आयात केले, असे मानू. २० टक्के दराने मूळ शुल्क २,००० रुपये व अधिभार २०० रुपये होतो. बेरीज १२,२०० रुपये. सप्टेंबर २०२५ पर्यंत सायकल व तिच्या भागांवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. त्यानुसार १,४६४ रुपये कर धरून एकूण खर्च १३,६६४ रुपये होत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर ५ टक्के झाल्याने कर ६१० रुपये व एकूण खर्च १२,८१० रुपये होतो. म्हणजे एकूण भार ३६.६४ टक्क्यांवरून २८.१० टक्क्यांवर येतो.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कराची वजावट मिळते. मूळ शुल्क व अधिभार यांची मिळत नाही. मोठ्या आयातदाराच्या दृष्टीने खरा खर्च १२,२०० रुपयेच असतो. पण नोंदणी नसलेला गावातील दुरुस्ती करणारा कारागीर आणि अंतिम ग्राहक यांना अशी वजावट नाही. त्यामुळे वस्तू व सेवा करातील कपात ही प्रामुख्याने त्यांच्या उपयोगाची आहे.

व्यक्तिगत वापरासाठी मागविलेला भाग

परदेशातून टपालाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी एखादा भाग मागविणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागत नाही. मात्र अशा वस्तूंसाठी ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक असून त्याचा दर वस्तूनुसार बदलत नाही. २०२४ मध्ये त्यावर ३५ टक्के मूळ शुल्क, ३.५ टक्के अधिभार आणि २८ टक्के वस्तू व सेवा कर असा एकूण ७७.२८ टक्के भार पडत असे.

गिअरच्या सायकलचा २,००० रुपयांचा डिरेलर मागविला आणि विमान वाहतुकीस १,२०० रुपये पडले, असे समजू. मूल्यनिर्धारण नियम, २००७ प्रमाणे हवाई वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मूल्यात धरला जातो. म्हणून ४०० रुपयेच धरले जातील. विम्याची रक्कम माहीत नसल्यास १.१२५ टक्के, म्हणजे २२.५० रुपये. निर्धारणीय मूल्य २,४२२.५० रुपये व त्यावर सुमारे १,८७२ रुपये शुल्क. अशा रीतीने २,००० रुपयांचा भाग ग्राहकाला ५,००० रुपयांहून अधिक किमतीला पडत असे. कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळेच.

२०२५ मध्ये या शीर्षकावरील मूळ दर २० टक्क्यांवर व वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आणला गेला. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मूळ दर १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. भार हलका होत असला, तरी दर वारंवार बदलतात. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी त्या दिवशीची अधिसूचना पाहणे श्रेयस्कर. परदेशातील नातेवाइकाने भेट म्हणून पाठविल्यास शुल्क लागत नाही, हा समजही आता चुकीचा आहे. डिसेंबर २०१९ पासून जीवनरक्षक औषधे व राखी वगळता भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात बंद झाली आहे.

संरक्षण कोणाला, भार कोणावर?

सायकल उद्योगाचे देशातील प्रमुख केंद्र लुधियाना हे आहे. तेथे असंख्य लघुउद्योग सुटे भाग तयार करतात. मोठ्या प्रमाणावर येणाऱ्या स्वस्त आयातीमुळे हे रोजगार धोक्यात येऊ नयेत, हा शुल्कामागील हेतू आहे. असे संरक्षण केवळ भारतच देतो असे नाही. युरोपीय संघानेही चिनी सायकलींवर १९९३ पासून प्रतिडंपिंग शुल्क लावले आहे.

अर्थशास्त्रातील 'प्रभावी संरक्षण' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. शुल्काशिवाय सायकलची किंमत १०० व तिच्यातील भागांची ६० मानल्यास मूल्यवर्धन ४० होते. सायकलवर ३५ व भागांवर २० टक्के शुल्क असता किंमत १३५, भाग ७२ आणि मूल्यवर्धन ६३ होते. म्हणजे सायकल जोडणाऱ्या उद्योगाला मिळणारे संरक्षण ३५ टक्के नसून ५७.५ टक्के असते. दुरुस्ती करणारा कारागीर मात्र या रचनेत कोठेच बसत नाही. तो भागांवर २० टक्के शुल्काचा भार सोसतो, पण त्याच्या श्रमाला कोणतेही संरक्षण नाही.

तरीही सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ग्रामीण भागातील साध्या, बिनगिअरच्या सायकलचे बहुतेक भाग देशातच तयार होतात. त्यांच्यावर आयात शुल्क प्रत्यक्ष बसत नाही. आयात मालाची किंमत शुल्कामुळे वाढल्याने देशी उत्पादकाला आपली किंमत चढी ठेवण्यास वाव मिळतो, हा अप्रत्यक्ष परिणाम होय. परंतु देशांतर्गत स्पर्धा तीव्र असल्यास तो मर्यादित राहतो. याउलट डिरेलर, बहुचक्री फ्रीव्हील, डिस्क ब्रेक यांसारख्या भागांत आयातीचा वाटा मोठा असल्याने शुल्काचा भार थेट ग्राहकापर्यंत पोहोचतो. शहरी बाजारातील आकर्षणामुळे अशा सायकली आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत, पण त्यांचे भाग मात्र तेथे मिळत नाहीत.

या जिल्ह्यांची खरी अडचण शुल्काच्या दरापेक्षा शुल्कासोबत येणाऱ्या स्थिर खर्चात आहे. न्हावा शेवा बंदरातून किंवा नागपूरच्या अंतर्देशीय कंटेनर आगारातून येणारा माल घाऊक व्यापाऱ्याच्या हातून जिल्ह्याच्या व तेथून तालुक्याच्या दुकानात जातो. प्रत्येक टप्प्यावर नफ्याची टक्केवारी शुल्कासह असलेल्या किमतीवर आकारली जाते. त्यामुळे बंदरावरील १०० रुपयांचे शुल्क एटापल्लीच्या दुकानात १०० रुपये राहत नाही. सुरजागडच्या टेकड्यांतील लोहखनिज याच रस्त्यांवरून बाहेर जाते आणि त्याच रस्त्यांनी पोलादाचे लहानसे भाग अनेक हात बदलून परत येतात, हा विरोधाभास अभ्यासकांनी नोंदविण्याजोगा आहे.

उपाययोजना

१) अनुदानातून सायकल खरेदी करताना पालकांनी बिनगिअरच्या व स्थानिक दुकानात भाग मिळणाऱ्या सायकलीस प्राधान्य द्यावे, असे मार्गदर्शन शाळांनी करावे. ४,५०० रुपये मूळ किमतीची सायकल १२ टक्के करासह ५,०४० रुपयांना पडत असे. ५ टक्के करासह ती ४,७२५ रुपयांना मिळते. उरलेल्या २७५ रुपयांत ट्यूब व ब्रेकचे रबर घेऊन ठेवता येईल, अशी तरतूद अनुदानाच्या नियमांत व्हावी.

२) आयात भाग आवश्यकच असल्यास एकट्याने टपालाने न मागविता अनेक दुकानदारांनी मिळून नोंदणीकृत आयातदारामार्फत मागवावेत. त्यामुळे वाहतूक व हाताळणीचा खर्च विभागला जातो.

३) दुरुस्तीसाठी लागणाऱ्या भागांकडे आणि तयार सायकलीच्या जोडणीसाठी लागणाऱ्या भागांकडे धोरणात स्वतंत्र दृष्टीने पाहिले जावे. ज्या भागांचे देशात पुरेसे उत्पादन नाही, त्यांना संरक्षण देऊन कोणाचेच हित साधत नाही.

४) २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी एकाच भागाची नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली व भामरागड येथील किंमत विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घ्यावी. शुल्काचा भार कोठे व किती वाढतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसेल.

समारोप

आयात शुल्क हे देशी कारागिराचे रक्षण करणारे साधन आहे आणि त्याच वेळी ग्राहकावरील भारही आहे. लुधियान्यातील कामगाराचा रोजगार आणि गडचिरोलीतील विद्यार्थिनीची शाळा या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी एकीसाठी दुसरीचा बळी द्यावा लागावा, असे नाही. साध्या सायकलीच्या बाबतीत देशी उत्पादन पुरेसे असल्याने दोघांचे हित जुळते. जेथे ते जुळत नाही, तेथे दरांची फेरतपासणी व्हायला हवी. धोरणाची परिणामकारकता बंदरावर जमा झालेल्या महसुलावरून मोजली जाते. ती जंगलातील रस्त्यावर चालू असलेल्या अथवा भागाअभावी घराच्या पडवीत उभ्या असलेल्या सायकलीवरूनही मोजली जाणे गरजेचे आहे.