सिंहांमध्येही युती होते आणि सत्तांतरही, पण किंमत मोजतात छावे

जंगलाचा राजा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो आयाळ मिरवत एकटाच उभा असलेला सिंह. प्रत्यक्षात एकट्या सिंहाला राज्य मिळवणं अवघड आणि मिळालंच तर टिकवणं त्याहून अवघड. इथेही संख्याबळ लागतं. म्हणूनच नर सिंह युती करतात.

याचं गाजलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे. दोघांमधलं कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आलं, त्यामुळे प्राणी मोकळेपणाने ये-जा करतात. २००६ मध्ये इथे सहा नर सिंहांच्या एका टोळीने जम बसवायला सुरुवात केली. पाच जण एकाच कळपात वाढलेले. सहावा माकुलू, वयाने मोठा आणि बाहेरून येऊन त्यांच्यात सामील झालेला. या टोळीला नाव पडलं 'मापोगो'. कायदा हातात घेण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या एका खासगी सुरक्षा संघटनेवरून हे नाव आलं. मापोगोंनी एकामागोमाग एक कळप ताब्यात घेतले. आधीच्या नरांना हुसकावलं, काहींना ठार केलं आणि त्यांचे छावेही मारले.

युती होते कशी?

सिंहांच्या कळपाचा कणा म्हणजे सिंहिणी. आई, मावश्या, बहिणी, मुली असं हे माहेरचंच कुटुंब असतं. मुली बहुतेक वेळा तिथेच राहतात. मुलग्यांना मात्र साधारण दोन ते चार वर्षांचे झाले की घर सोडावं लागतं. एकाच वेळी वाढलेले सख्खे-चुलत भाऊ मग एकत्र भटकतात, एकत्र शिकार करतात आणि अंगात ताकद आली की दुसऱ्या कळपावर दावा सांगतात.

ज्याला भाऊ नाहीत, तो एखाद्या परक्या नराशी जुळवून घेतो. पण टांझानियातल्या सेरेंगेटीमध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट झाली. परक्यांची युती दोन-तीन जणांपुरतीच असते, मोठ्या युतीत सगळे नातेवाईकच असतात. कारण मोठ्या युतीत प्रत्येकाला पिल्लं होतातच असं नाही. भावाची पिल्लं वाढली तर निदान आपलं रक्त तरी पुढे जातं. परक्यासाठी हा तोटा कोण सहन करणार?

छावे का मारले जातात?

सिंहाच्या सत्तेचा कालावधी फार छोटा असतो, साधारण दोन-तीन वर्षांचा. दुसरीकडे, छावे असलेली सिंहीण ते दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत सहसा पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराने आधीच्या नराचे छावे मोठे होण्याची वाट पाहिली, तर त्याची स्वतःची वेळ येईपर्यंत सत्ताच हातातून गेलेली असेल. छावे मेले तर सिंहीण लवकरच माजावर येते आणि पुढे साधारण ११० दिवसांत नवी पिल्लं जन्मतात.

सेरेंगेटीतल्या अभ्यासानुसार, पहिल्या वर्षात मरणाऱ्या छाव्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश छावे नव्या नरांच्या हल्ल्यांत मरतात. आपल्याला हे क्रूर वाटतं. सिंहाच्या बाबतीत मात्र ही सूडबुद्धी नसून वेळेची शर्यत आहे.

सिंहिणी गप्प बसतात का?

अजिबात नाही. कळपातल्या सिंहिणी एकाच सुमारास विततात आणि छावे एकत्र वाढवतात. हल्ला झाला तर सगळ्या मिळून तुटून पडतात. गर्जना आपल्या नराची आहे की परक्याची, हेही त्या ओळखतात. परकी गर्जना ऐकली की छाव्यांना घेऊन दूर जातात.

सत्तांतर झाल्यावरही त्या सावध असतात. नव्या नरांशी समागम होतो, पण सुरुवातीचे काही महिने गर्भधारणा सहसा होत नाही. हे नर टिकणार आहेत की उद्या त्यांनाही कुणी हुसकावणार, याचा जणू त्या अंदाज घेत असतात.

मापोगोंचं पुढे काय झालं?

सहा होते तोवर त्यांना टक्कर देणारं कुणी नव्हतं. मग दोघे वेगळे झाले. किंकी टेल आणि मिस्टर टी यांनी दुसऱ्या भागात बस्तान बसवलं. जून २०१० मध्ये त्यांची गाठ पाच तरुण नरांच्या नव्या युतीशी पडली. दोघांनी त्यातल्या एकाला मारलं, पण नंतर उरलेल्या चौघांनी किंकी टेलला गाठून ठार केलं. हे चौघे पुढे 'मजिंगिलाने' म्हणून प्रसिद्ध झाले. मिस्टर टी आपल्या जुन्या साथीदारांकडे परतला. मार्च २०१२ मध्ये सेलाती नावाच्या दुसऱ्या युतीने त्यालाही मारलं आणि मापोगोंची सत्ता संपली. ताकद तीच होती, संख्या घटली होती.

यात माणूस कुठे येतो?

नेमका इथेच. शौकासाठी शिकार करणाऱ्याला हवा असतो मोठ्या आयाळीचा नर. गोळी एकाला लागते, पण युती दुबळी होते. शेजारचे नर चाल करून येतात आणि मागे राहिलेले छावे धोक्यात येतात. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर 'सेसिल' सिंह मारला गेला, तेव्हा हीच भीती होती. त्याच्या युतीतला साथीदार जेरिको हयात होता, म्हणून कळप लगेच उघडा पडला नाही.

२००४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या संशोधनाने म्हणूनच एक साधा नियम सुचवला. शिकार करायचीच असेल तर निदान सहा वर्षांखालच्या नराला हात लावू नका. तोवर त्याची पिल्लांची एक पिढी हाताशी आलेली असते. टांझानियाने पुढे ही वयोमर्यादा नियमांत आणली.

अडचण एवढीच की जिवंत सिंहाचं वय दुरून ओळखणं सोपं नसतं. नाकावर वाढत जाणारे काळे डाग, आयाळीचा भरगच्चपणा यावरून अंदाज बांधावा लागतो. तो चुकला तर मरणारा सिंह एक असतो, पण त्याच्या जिवावर वाढणारे छावे अनेक असतात.