स्टिअरिंगला 'प्ले' येतो म्हणजे काय?

बैलगाडी वळवायची तर गाडीवान कासरा ओढतो. बैल वळतात, जू वळतं आणि जुवामागे सगळी गाडी वळते. चाकं दोनच असल्यामुळे त्यांना वेगळं वळवावं लागत नाही. मोटारीचं तसं नसतं. मागची चाकं सरळच राहतात आणि पुढची दोन चाकं इंजिनाचं, माणसांचं ओझं वाहता वाहता वळवावी लागतात. हे काम दोन हातांच्या ताकदीने कसं होतं, गाडी जुनी झाली की ते नेमकं कुठे बिघडतं आणि दुरुस्त कसं करायचं, ते या लेखात पाहू.

उदाहरण घेऊ जुन्या जीपचं. १९४७ साली मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्र अँड महिंद्रने त्या इथेच बनवल्या. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात आणि गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो आणि बांधी कुठे सुरू होते हे कळणं कठीण. चारही चाकांना जोर देणारी गाडी अशाच मुलखासाठी असते. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय केंद्राच्या २०२१ सालच्या नियमांनी केली. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून जुनी स्टिअरिंग पेटी फेकून नवी पद्धत बसवण्यापेक्षा तीच नीट दुरुस्त करण्याला महत्त्व आहे.

पेटीच्या आत काय असतं?

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याच्या कर्णावर जाड रेघ ओढा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. सरळ रेघेचा मळसूत्री चर तयार होईल. चर म्हणजे गुंडाळलेला उतारच. उतार जितका सौम्य, तितके वेढे जास्त आणि लागणारा जोर कमी.

स्टिअरिंगच्या चाकाखालून निघालेल्या नळीच्या टोकाला असाच चर कोरलेला पोलादी दंडगोल असतो. त्याला कॅम म्हणतात. कॅमच्या चरात निमुळत्या टोकाच्या दोन खुंट्या बसलेल्या असतात. या खुंट्या एका आडव्या तरफेला घट्ट जोडलेल्या असतात. चाक फिरवलं की कॅम जागच्या जागी फिरतो, खुंट्या चरातून सरकतात आणि तरफ थोडीशी कलते. तरफेच्या दांड्याचं दुसरं टोक पेटीबाहेर येतं. त्यावर ड्रॉप आर्म बसवलेला असतो. तिथून पुढे ड्रॅग लिंक, बेल क्रँक आणि टाय रॉड या दुव्यांमार्फत ही हालचाल चाकांपर्यंत जाते.

गाडी सरळ चालत असताना चाक १२ अंश फिरवलं की ड्रॉप आर्म १ अंश हलतो. पूर्ण वळणाजवळ हे प्रमाण १४ ला १ होतं, म्हणजे जिथे जास्त जोर लागतो तिथे यंत्राची मदतही थोडी वाढते. अर्थात हालचालीत जितकं गमावलं, तितकंच जोरात कमावलं. त्यातला काही भाग घर्षण खातं. पण त्याच घर्षणामुळे दगडावर आदळलेल्या चाकाचा पूर्ण हिसका चालकाच्या हातापर्यंत पोचत नाही.

दोन बोटांचा हिशेब

खुंट्या आणि चर झिजले की त्यांच्यात फट पडते. मग चाक थोडं फिरवलं तरी ड्रॉप आर्म हलतच नाही. यालाच मिस्त्री म्हणतात, "स्टिअरिंगला प्ले आलाय." चाकाच्या कडेवर दोन-अडीच बोटं, म्हणजे ४ सेंटिमीटर, प्ले आहे असं समजा. एवढं चालतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण हिशेब करून पाहू.

चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर धरली तर ४ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १२ अंश. १२ ला १ या प्रमाणाने ड्रॉप आर्मला १ अंशाची मोकळीक मिळाली. पुढच्या दुव्यांच्या लांब्या सोयीसाठी सारख्या धरू. म्हणजे चालकाने हात न हलवताही पुढची चाकं १ अंश वळू शकतात. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २ मीटर असतं. १ अंश वळलेली गाडी सुमारे ११५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागते.

गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर दीड सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर जाईल. वर्तुळावर कापलेल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, या सूत्राने ती तेवढ्यात बाजूला सव्वा मीटर सरकलेली असेल. एकपदरी डांबरी रस्ता पावणेचार मीटर रुंद, जीप दीड मीटर. गाडी मधोमध असली तरी दोन्ही बाजूंना उरतो सव्वा मीटरपेक्षाही कमीच. म्हणजे दोन बोटांच्या प्लेमुळे दीड सेकंदात गाडी रस्त्याच्या कडेला लागू शकते. समोरून सायकलवर पोरं शाळेला येत असतील तर हा दीड सेकंद कुणाचा, हे निराळं सांगायला नको.

स्क्रू कधी आवळायचा?

पेटीच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू असतो. तो आवळला की खुंट्या चरात खोल रुततात आणि प्ले कमी होतो. मग दुरुस्ती सोपीच, असं वाटेल. इथे मुलांना एक प्रश्न विचारा: चराचा कोणता भाग सगळ्यात जास्त झिजेल? गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून मधला. मग मधे झिजलेल्या चरात बसेपर्यंत खुंट्या आवळल्या, तर न झिजलेल्या टोकांकडे त्या अडकणार नाहीत का?

पेटी बनवणाऱ्यांनी हा विचार आधीच केलेला असतो. चर मधल्या भागात मुद्दाम थोडा उथळ कोरतात. त्यामुळे सरळ चालताना खुंट्या घट्ट आणि वळणावर किंचित मोकळ्या राहतात. ही मोकळीक म्हणजे झिजेसाठी ठेवलेली शिल्लक. म्हणून चाकं सरळ ठेवूनच स्क्रू आवळायचा असतो. शिल्लक संपल्यावरही आवळत राहिलं, तर वळणाच्या टोकाला स्टिअरिंग अडकतं आणि वळण संपल्यावर परत येत नाही. हे प्लेपेक्षाही वाईट. अशा वेळी पेटी उघडणं हाच उपाय.

पेटी उघडल्यावर

आधी दोष पेटीतच आहे याची खात्री करून घ्यावी. एकाने चाक हलवावं आणि दुसऱ्याने ड्रॉप आर्मकडे पाहावं. चाक हलून आर्म हलत नसेल तर दोष पेटीत. आर्म हलून रस्त्यावरची चाकं हलत नसतील तर तो पुढच्या दुव्यांत. जीपमध्ये बेल क्रँक हे झिजेचं नेहमीचं ठिकाण.

ड्रॉप आर्म पुलरने काढावा. हातोड्याचे घाव आतल्या बेअरिंगांना बसतात. काढण्यापूर्वी आर्म आणि दांडा यांवर खूण करावी, नाहीतर परत बसवताना एक दात चुकतो. मग सगळे भाग रॉकेलने धुवून उजेडात पाहावेत. गोल खुंटीवर सपाट पैलू पडले असतील तर तरफ बदलायला हवी. खुंटीवर वेल्डिंग करून ती भरून काढण्याचा मोह टाळावा. खुंटीचं वरचं कवच कठीण आणि गाभा चिवट राहावा म्हणून पोलादाला विशिष्ट उष्णता दिलेली असते. वेल्डिंगच्या तापाने तो गुण जातो. मग खुंटी लवकर तरी झिजते, नाहीतर तुटते.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या झाकणाखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी-जास्त करून कॅमची बेअरिंगं जुळवायची. कॅम वर-खाली हलू नये, पण सहज फिरावा. त्यानंतरच बाजूचा स्क्रू. कॅमच मागे-पुढे सरकत असेल तर खुंट्या कितीही नेमक्या बसवल्या तरी प्ले उरणारच. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजून निम्मे फेरे मागे आणलं की मध्य सापडतो. तिथून जाताना हाताला किंचित ओढ जाणवली पाहिजे, टोकांकडे नाही.

पेटीत घट्ट ग्रीस भरू नये, जाड गिअर तेलच घालावं. खुंटी ग्रीस बाजूला लोटते आणि ते तिथेच राहतं. तेल मात्र परत चरात वाहत येतं. तेल गळत असेल तर ऑइल सील बदलावं. गळती थांबवण्यासाठी ग्रीस भरणं म्हणजे नव्या झिजेची सोय करणं. शेवटी टाय रॉड जुळवून पुढची चाकं समोरच्या बाजूला दीड-दोन मिलीमीटर आत कललेली ठेवायची, की काम झालं.

गावातल्या गॅरेजात झिजलेली एखादी तरफ भंगारात पडलेली असते. ती मागून वर्गात आणा. मुलांना खुंटीवरून बोट फिरवू द्या. पैलू कोणत्या बाजूला आहेत आणि तिथेच का, हे त्यांना त्यांचंच शोधू द्या.